राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र : साथरोगांवरील पाळत आणि प्रतिसादाची साखळी

भारतासारख्या खंडप्राय देशात एखाद्या तालुक्यात तापाचे रुग्ण अचानक वाढू लागले, तर ती नेहमीची पावसाळी वाढ आहे की एखाद्या नव्या साथीची सुरुवात, हे कोणी आणि कसे ठरवायचे? दवाखान्यातील डॉक्टर समोरच्या रुग्णावर उपचार करतो. परंतु शेजारच्या तीन गावांत त्याच आठवड्यात तशीच लक्षणे किती जणांत आढळली, हे त्याला ठाऊक असतेच असे नाही. ही विखुरलेली माहिती एकत्र करणे, तिची पडताळणी करणे, आजाराचे कारण शोधणे आणि योग्य ठिकाणी वेळेत इशारा देणे, हे राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य संस्थेचे मुख्य कार्य होय. भारतात ही जबाबदारी प्रामुख्याने दिल्ली येथील राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र पार पाडते.

या संस्थेविषयी अभ्यासकांच्या मनात बऱ्याचदा संभ्रम असतो. हे केंद्र मोठे रुग्णालय नाही, लस तयार करणारा कारखाना नाही आणि राज्यांना आदेश देणारे प्राधिकरणही नाही. ते पाळत ठेवते, तपास करते, प्रशिक्षण देते आणि सल्ला देते. त्या सल्ल्यानुसार कृती करण्याचे काम मात्र राज्य शासन, जिल्हा प्रशासन, स्थानिक स्वराज्य संस्था आणि अखेरीस नागरिक यांच्याकडे असते. म्हणूनच केंद्राच्या कार्याचे मूल्यमापन करताना माहितीपासून कृतीपर्यंतची संपूर्ण साखळी तपासावी लागते. ही साखळी जिथे अखंड राहिली तिथे रोगाचे उच्चाटन झाले. जिथे ती मध्येच तुटली तिथे हाती आलेले ज्ञानही जीव वाचवू शकले नाही.

मलेरियाच्या अभ्यासातून उभी राहिलेली संस्था

मलेरियाचा परोपजीवी डासांमार्फत वाढतो व पसरतो, हे रोनाल्ड रॉस यांच्या १८९७ मधील सिकंदराबाद येथील संशोधनातून स्पष्ट झाले. त्यानंतर या रोगाच्या पद्धतशीर अभ्यासासाठी १९०९ मध्ये हिमाचल प्रदेशातील कसौली येथे केंद्रीय मलेरिया ब्युरो स्थापन करण्यात आला. १९२७ मध्ये त्याचा विस्तार होऊन 'मलेरिया सर्व्हे ऑफ इंडिया' असे नामकरण झाले. १९३८ मध्ये संस्था दिल्लीला आली आणि 'मलेरिया इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया' या नावाने ओळखली जाऊ लागली.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरवर्षी सुमारे ७.५ कोटी लोकांना मलेरिया होत असे आणि सुमारे ८ लाख लोक त्याने दगावत असत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याचे रूपांतर निर्मूलन कार्यक्रमात करण्यात आले. डीडीटीची फवारणी आणि घरोघर जाऊन केलेला रुग्णशोध यांमुळे १९६५ पर्यंत रुग्णसंख्या सुमारे १ लाखापर्यंत खाली आली. या यशाच्या वातावरणातच संस्थेचे कार्यक्षेत्र इतर संसर्गजन्य रोगांपर्यंत वाढविण्याचा निर्णय झाला आणि ३० जुलै १९६३ रोजी तिचे 'राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्था' असे पुनर्गठन झाले.

मलेरिया मात्र हटला नव्हता. डासांमध्ये कीटकनाशकांना आणि परोपजीवीमध्ये औषधांना निर्माण झालेला प्रतिकार, कीटकनाशकांचा अपुरा पुरवठा, वाढती शहरे आणि देखरेखीत आलेली शिथिलता यांमुळे १९७६ मध्ये रुग्णसंख्या पुन्हा सुमारे ६४ लाखांवर गेली. १९७७ पासून सुधारित कार्ययोजना राबवावी लागली. रोग कमी झाला म्हणजे पाळतीची गरज संपली, ही समजूत किती महाग पडते, याचे हे ठळक उदाहरण आहे. रुग्ण कमी दिसू लागले की निधी, मनुष्यबळ आणि प्रशासनाचे लक्ष दुसरीकडे वळते आणि रोगाच्या पुनरागमनाला वाट मिळते. पाळत यशस्वी झाली की ती अनावश्यक वाटू लागते, ही या क्षेत्रातील मूलभूत अडचण आहे.

३० जुलै २००९ रोजी संस्थेला 'राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र' हे सध्याचे नाव मिळाले. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालयाच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाच्या प्रशासकीय नियंत्रणाखाली ते काम करते. अलवर, बेंगळुरू, कोझिकोड, कुन्नूर, जगदलपूर, पाटणा, राजमहेंद्री आणि वाराणसी येथे त्याच्या शाखा आहेत. यांपैकी बेंगळुरूची शाखा प्लेगच्या सर्वेक्षणासाठी विशेषत्वाने ओळखली जाते.

घटनात्मक आणि कायदेशीर चौकट

केंद्राच्या अधिकारांची मर्यादा समजून घेण्यासाठी संविधानाच्या सातव्या अनुसूचीकडे पाहणे आवश्यक आहे. 'सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, रुग्णालये आणि दवाखाने' हा विषय राज्यसूचीत सहाव्या क्रमांकावर आहे. बंदरांवरील विलगीकरणाचा विषय संघसूचीत आहे. तर संसर्गजन्य रोगांचा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारा फैलाव रोखणे हा विषय समवर्ती सूचीत २९ व्या क्रमांकावर येतो. याखेरीज पोषणमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे मार्गदर्शक तत्त्वांतील अनुच्छेद ४७ सांगतो.

याचा व्यावहारिक अर्थ असा की एखाद्या जिल्ह्यात साथ उद्भवल्यास प्राथमिक जबाबदारी राज्याची असते. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र तज्ज्ञांचे पथक, प्रयोगशाळेची सुविधा आणि तांत्रिक मार्गदर्शन पुरविते. राज्याची आरोग्य यंत्रणा सक्षम असेल तर या मदतीचा परिणाम अनेक पटींनी वाढतो. ती दुर्बल असेल तर उत्तम अहवालसुद्धा कागदावर राहतो.

कायद्याच्या बाजूने पाहता १८९७ चा साथरोग अधिनियम हा दीर्घकाळ प्रमुख आधार राहिला आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली, त्या पार्श्वभूमीवर हा कायदा करण्यात आला. त्याच वर्षी पुण्यात सैनिकांकरवी घेतलेल्या घरझडत्यांमुळे लोकांत तीव्र असंतोष पसरला आणि जून १८९७ मध्ये चाफेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँड याच्यावर गोळ्या झाडल्या. जनतेचा विश्वास नसेल तर साथ नियंत्रणाचे उपाय रोगापेक्षाही जाचक वाटू लागतात, हा धडा या घटनेत आहे. २०२० मध्ये या अधिनियमात दुरुस्ती करून आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी कठोर शिक्षेची तरतूद करण्यात आली. कोविड काळात देशव्यापी टाळेबंदीसाठी मात्र २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाचा आधार घेण्यात आला. रोगाची व्याख्या, माहिती देण्याचे बंधन आणि नागरिकांचे हक्क यांचा एकत्रित विचार करणाऱ्या आधुनिक सार्वजनिक आरोग्य कायद्याची आवश्यकता यातून अधोरेखित होते.

आंतरराष्ट्रीय पातळीवर जागतिक आरोग्य संघटनेचे 'आंतरराष्ट्रीय आरोग्य विनियम, २००५' हे १५ जून २००७ पासून लागू झाले. इतर देशांना धोका पोहोचवू शकेल अशा घटनेचे मूल्यमापन झाल्यानंतर २४ तासांच्या आत संघटनेला कळविणे सदस्य देशांवर बंधनकारक आहे. या विनियमांसाठी भारताचे राष्ट्रीय समन्वय केंद्र म्हणून राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र काम पाहते.

सुरत १९९४ : माहितीच्या अभावाची किंमत

देशात १९६६ नंतर मानवी प्लेगची नोंद झालेली नव्हती. तब्बल २८ वर्षांनी, ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावात गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले आणि सप्टेंबरमध्ये सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली. मृतांची संख्या पन्नासहून काहीशी अधिक होती. परंतु भीतीचा फैलाव रोगाहून कितीतरी वेगवान ठरला. काही दिवसांतच लाखो लोकांनी सुरत सोडले. अनेक देशांनी भारताशी असलेली विमानसेवा आणि व्यापार यांवर निर्बंध आणले. पर्यटन व निर्यातीला मोठा फटका बसला.

या संकटात सर्वांत मोठी उणीव जाणवली ती विश्वासार्ह माहितीची. संशयित रुग्ण किती, प्रयोगशाळेत निश्चित झालेले किती, संसर्ग कोणत्या भागात आहे आणि तो कोठून आला, या प्रश्नांची एकमुखी उत्तरे वेळेवर मिळाली नाहीत. केंद्र शासनाने डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली तांत्रिक सल्लागार समिती नेमली. रोग सर्वेक्षणाची कायमस्वरूपी व्यवस्था हवी, ही जाणीव या अनुभवातून दृढ झाली आणि १९९७-९८ मध्ये संसर्गजन्य रोगांसाठी राष्ट्रीय सर्वेक्षण कार्यक्रम निवडक जिल्ह्यांत सुरू झाला.

यापुढील अनुभव तुलनेसाठी उपयुक्त आहे. फेब्रुवारी २००२ मध्ये हिमाचल प्रदेशातील सिमला जिल्ह्यात एका छोट्या गावात फुप्फुसाच्या प्लेगचा उद्रेक झाला. १६ जणांना लागण झाली व चार जण दगावले. राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेने प्रयोगशाळेत निदान निश्चित केले. संपर्कातील व्यक्तींना प्रतिबंधक औषध देण्यात आले आणि साथ त्याच परिसरात थांबली. सुरत हे दाट वस्तीचे औद्योगिक शहर होते आणि हिमाचलमधील गाव दुर्गम होते, हा फरक लक्षात घेतला तरी त्वरित निदान आणि स्पष्ट माहिती यांचे महत्त्व या तुलनेतून दिसून येते.

एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम

नोव्हेंबर २००४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. पुढे तो देशांतर्गत निधीतून कार्यक्रम म्हणून चालू ठेवण्यात आला. त्याची मध्यवर्ती यंत्रणा राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात असून राज्य आणि जिल्हा पातळीवर सर्वेक्षण कक्ष आहेत.

या कार्यक्रमात माहिती तीन स्तरांवर गोळा केली जाते. पहिला स्तर लक्षणांवर आधारित असतो. उपकेंद्रातील आरोग्यसेविका ताप, जुलाब, खोकला, कावीळ अशा लक्षणांच्या रुग्णांची नोंद करते. दुसरा स्तर संभाव्य निदानाचा; येथे प्राथमिक आरोग्य केंद्रातील किंवा रुग्णालयातील डॉक्टर आपल्या तपासणीवरून रोगाची नोंद करतो. तिसरा स्तर प्रयोगशाळेने निश्चित केलेल्या निदानाचा. सोमवार ते रविवार असा आठवडा धरून ही माहिती संकलित होते. एखाद्या गावातील आकडा नेहमीपेक्षा वाढलेला दिसल्यास जिल्हा सर्वेक्षण अधिकारी चौकशी करतो व गरजेनुसार शीघ्र प्रतिसाद पथक पाठविले जाते.

तिन्ही स्तरांची आवश्यकता का, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे. प्रयोगशाळेचे निदान सर्वांत खात्रीचे असते, पण ते उशिरा मिळते. लक्षणांची नोंद ढोबळ असते, पण ती लगेच हाती येते. साथ रोखण्याच्या कामात वेग आणि खात्री या दोहोंची गरज असते आणि एकाच नोंदीत दोन्ही गुण सहसा मिळत नाहीत. म्हणून पहिल्या स्तराने सावध करायचे, दुसऱ्याने दिशा द्यायची आणि तिसऱ्याने शिक्कामोर्तब करायचे, अशी ही रचना आहे. जुलै २००८ पासून वृत्तपत्रे व दूरचित्रवाणीवरील बातम्यांतून साथींचे संकेत टिपणारा स्वतंत्र कक्षही कार्यरत झाला. अशा बातमीची संबंधित जिल्ह्याकडून पडताळणी करून घेतली जाते.

आठवड्याचे कागदी अहवाल वर पोहोचण्यात वेळ जात असे. ही अडचण दूर करण्यासाठी एकात्मिक आरोग्य माहिती मंच हे संगणकीय व्यासपीठ नोव्हेंबर २०१८ मध्ये सात राज्यांत आणि ५ एप्रिल २०२१ पासून देशभर सुरू करण्यात आले. पूर्वी १८ रोगांची माहिती घेतली जात असे, ती संख्या ३३ वर नेण्यात आली. आरोग्यसेविका आता गावपातळीवरूनच मोबाइल अथवा टॅबद्वारे नोंद करू शकते आणि ती जवळपास त्याच वेळी जिल्हा, राज्य व केंद्र अशा तिन्ही स्तरांवर दिसू शकते.

संशोधन, निदान आणि क्षेत्रीय कार्य यांची विभागणी

स्पर्धा परीक्षांत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र यांच्या कार्यांची सरमिसळ होताना दिसते. १९११ मध्ये 'इंडियन रिसर्च फंड असोसिएशन' म्हणून स्थापन झालेली आणि १९४९ मध्ये सध्याचे नाव मिळालेली आयुर्विज्ञान संशोधन परिषद ही मुख्यतः संशोधन संस्था असून ती आरोग्य संशोधन विभागांतर्गत येते. पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ही तिचीच संस्था आहे. रोग नियंत्रण केंद्राचा भर मात्र दैनंदिन पाळत, उद्रेकांचा तपास आणि राज्यांची क्षमतावाढ यांवर असतो.

मे २०१८ मध्ये केरळातील कोझिकोड व मलप्पुरम जिल्ह्यांत आढळलेल्या निपाह विषाणूच्या उद्रेकात ही विभागणी स्पष्टपणे दिसली. एकाच कुटुंबात लागोपाठ आलेल्या आजारांतील साम्य कोझिकोडच्या एका खाजगी रुग्णालयातील डॉक्टरांनी टिपले आणि नमुने तपासणीसाठी पाठविले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने निदानावर शिक्कामोर्तब केले. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राच्या तज्ज्ञांचे पथक केरळात दाखल झाले. तर संपर्कातील व्यक्तींचा शोध, विलगीकरण आणि अंत्यसंस्कारांची सुरक्षित व्यवस्था हे काम राज्याच्या आरोग्य विभागाने पार पाडले. मृत्युदर अतिशय जास्त असूनही साथ काही आठवड्यांत आटोक्यात आली. सजग डॉक्टर, सक्षम प्रयोगशाळा, तांत्रिक मार्गदर्शन आणि तत्पर राज्य यंत्रणा हे चारही दुवे येथे जुळून आले होते.

मुझफ्फरपूर : कारण सापडल्यानंतरचा प्रश्न

बिहारमधील मुझफ्फरपूर जिल्ह्यात १९९५ पासून उन्हाळ्यात लहान मुलांमध्ये एक गूढ आजार आढळत असे. पहाटे अचानक झटके येत, मूल बेशुद्ध पडे आणि कित्येकदा दगावे. स्थानिक लोक त्याला 'चमकी बुखार' म्हणत. जपानी मेंदूज्वर, उष्माघात, कीटकनाशके अशी अनेक कारणे सांगितली जात होती. परंतु ठोस पुरावा नव्हता.

राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्रांच्या सहकार्याने २०१३ व २०१४ मध्ये येथे सखोल तपास केला. २६ मे ते १७ जुलै २०१४ या काळात दोन रुग्णालयांत दाखल झालेल्या ३९० मुलांपैकी १२२ मुले दगावली होती. तपासकांनी १०४ आजारी मुले आणि तितकीच तुलनेसाठी निवडलेली मुले यांची माहिती ताडून पाहिली. आजारी मुलांपैकी अनेकांच्या रक्तातील साखर अतिशय कमी झालेली होती. आजारी पडण्यापूर्वी लिची खाणे आणि रात्रीचे जेवण न घेणे या दोन बाबींचा आजाराशी संबंध दिसून आला. लिचीमध्ये असणारे हायपोग्लायसिन-ए व त्याच्याशी साधर्म्य असणारे दुसरे द्रव्य शरीरातील साखर तयार होण्याच्या क्रियेत अडथळा आणतात. पोट रिकामे असलेल्या कुपोषित मुलाच्या शरीरात साखरेचा पुरेसा साठा नसतो. त्यामुळे त्याच्यावर या द्रव्यांचा परिणाम घातक ठरतो. हे निष्कर्ष २०१७ मध्ये 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

उपाय साधे होते. मुलांनी लिची कमी खावी, कोणतेही मूल रात्री उपाशी झोपू नये आणि झटके आलेल्या मुलाच्या रक्तातील साखर तत्काळ तपासून ग्लुकोज द्यावे. २०१४ नंतरच्या काही वर्षांत या सूचनांचा प्रसार झाला आणि रुग्णसंख्या लक्षणीय घटली. परंतु जून २०१९ मध्ये तोच आजार उफाळून आला आणि शंभराहून अधिक मुले मृत्युमुखी पडली. जनजागृतीची मोहीम त्या वर्षी ढिली पडली होती, प्राथमिक आरोग्य केंद्रांत पुरेशा सुविधा नव्हत्या, अशी टीका त्या वेळी झाली.

या घटनेचा अर्थ गंभीर आहे. आजाराचे कारण ठाऊक होते, उपाय स्वस्त होता आणि तो छापूनही आलेला होता. तरीही मुले दगावली, कारण 'रात्री उपाशी झोपू नये' ही सूचना ज्या घरात रात्रीचे अन्नच पुरेसे नाही तिथे अपुरी पडते आणि 'ग्लुकोज द्यावे' ही सूचना ज्या केंद्रात रात्री डॉक्टर नाही तिथे निरुपयोगी ठरते. राष्ट्रीय संस्थेचे ज्ञान गावापर्यंत पोहोचविण्यासाठी पोषण आहार, रस्ते, रुग्णवाहिका आणि प्राथमिक आरोग्य केंद्र हे सर्व दुवे दरवर्षी, न चुकता, कार्यरत असावे लागतात.

नारूचे उच्चाटन : साखळी पूर्ण झाल्याचे उदाहरण

याउलट चित्र नारू रोगाच्या बाबतीत दिसते. या रोगावर लस नाही आणि कृमीला मारणारे औषधही नाही. दूषित पाण्यातील सूक्ष्म जलपिसवांमार्फत नारूची अळी शरीरात जाते आणि सुमारे वर्षभराने लांब दोऱ्यासारखा कृमी त्वचेतून बाहेर पडू लागतो. रुग्ण विहिरीच्या पाण्यात उतरला की कृमी पुन्हा पाण्यात अळ्या सोडतो आणि चक्र चालू राहते. राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र प्रदेशातील पायऱ्यांच्या विहिरी आणि तलाव असलेल्या गावांना त्याचा उपद्रव होता.

१९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात सुमारे ४० हजार रुग्ण होते. राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्था ही या कार्यक्रमाची समन्वयक संस्था होती. घरोघर रुग्णशोध, पायऱ्यांच्या विहिरींचे रूपांतर, हातपंप, पाण्यात औषध टाकून जलपिसवांचा नाश आणि पाणी कापडाने गाळून पिण्याची सवय, हे उपाय गावोगाव राबविण्यात आले. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला. त्यानंतरही शोध थांबविला गेला नाही. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

आदिवासी भागांत आढळणाऱ्या यॉज या त्वचा व हाडांच्या रोगाबाबतही असेच घडले. १९९६-९७ मध्ये ओडिशातील कोरापुट जिल्ह्यातून सुरू झालेला कार्यक्रम इतर राज्यांत विस्तारला. २००४ पासून नवा रुग्ण आढळला नाही आणि २०१६ मध्ये भारताला यॉजमुक्त देश म्हणून मान्यता मिळाली. दोन्ही कार्यक्रमांत औषधापेक्षा चिकाटीच्या शोधमोहिमेचा आणि रुग्णसंख्या शून्यावर आल्यानंतरही चालू ठेवलेल्या पाळतीचा वाटा मोठा होता. १९६५ नंतरच्या मलेरियाबाबत जे निसटले, ते येथे सांभाळले गेले.

कोविड काळातील भूमिका

जानेवारी २०२० मध्ये देशात कोविडचा पहिला रुग्ण केरळात आढळला. परदेशातून येणाऱ्या प्रवाशांवरील देखरेख आणि संपर्कातील व्यक्तींचा मागोवा यांसाठी एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाचेच जाळे वापरण्यात आले. जून-जुलै २०२० मध्ये केंद्राने दिल्लीत रक्तातील प्रतिपिंडांचे सर्वेक्षण केले. २१,३८७ नमुन्यांपैकी २३.४८ टक्के व्यक्तींमध्ये प्रतिपिंडे आढळली. नोंद झालेल्या रुग्णांपेक्षा प्रत्यक्ष संसर्ग कितीतरी अधिक होता, हे त्यातून उघड झाले.

डिसेंबर २०२० मध्ये विषाणूच्या जनुकीय रचनेतील बदल टिपण्यासाठी 'इन्साकॉग' हा प्रयोगशाळांचा समूह स्थापन झाला. सुरुवातीस त्यात दहा प्रयोगशाळा होत्या आणि समन्वयाची जबाबदारी राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राकडे होती. महाराष्ट्रातील नमुन्यांत दोन विशिष्ट उत्परिवर्तनांचे प्रमाण वाढत असल्याचे २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले. त्यानंतरच्या आठवड्यांत दुसऱ्या लाटेने प्राणवायू आणि खाटांच्या व्यवस्थेवर अभूतपूर्व ताण आणला. विषाणूतील बदल टिपणे आणि त्यानुसार रुग्णालये सज्ज करणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांच्यामधील अंतर जीवघेणे ठरू शकते, हे या काळाने दाखवून दिले.

उणिवा आणि पुढील दिशा

सर्वेक्षणाच्या व्यवस्थेतील पहिली मोठी उणीव खाजगी क्षेत्राच्या सहभागाची आहे. बाह्यरुग्णांपैकी बहुसंख्य लोक खाजगी डॉक्टरांकडे जातात. पण तेथील नोंदी शासकीय व्यवस्थेत पुरेशा प्रमाणात येत नाहीत. कोझिकोडचा अनुभव पाहता पहिला संकेत नेमका तिथूनच मिळण्याची शक्यता असते. दुसरी उणीव मनुष्यबळाची. साथरोगशास्त्रज्ञ आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ यांची जिल्हा पातळीवरील पदे अनेक ठिकाणी रिक्त राहतात. या दृष्टीने केंद्राने २०१२ मध्ये सुरू केलेला दोन वर्षांचा साथरोग अन्वेषण सेवा प्रशिक्षण कार्यक्रम महत्त्वाचा आहे. यात डॉक्टर वर्गापेक्षा प्रत्यक्ष उद्रेकाच्या ठिकाणी जाऊन शिकतात. तिसरा प्रश्न स्वायत्ततेचा आहे. रोगाविषयीची अप्रिय माहितीही विनाविलंब प्रसिद्ध करता यावी, इतकी मोकळीक अशा संस्थेला असावी काय आणि ती कशी द्यावी, याची चर्चा अनेक देशांत होत आहे.

यांपैकी काही बाबतीत पावले उचलली गेली आहेत. नीती आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये २०३५ पर्यंतच्या सार्वजनिक आरोग्य सर्वेक्षणाचा दृष्टिकोन मांडणारी श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियानात केंद्राचे बळकटीकरण, पाच प्रादेशिक शाखा आणि २० महानगरांतील आरोग्य सर्वेक्षण कक्ष यांचा समावेश आहे. रेबीज, लेप्टोस्पायरोसिस, प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू आणि हवामानबदलाचे आरोग्यावरील परिणाम हे विषयही केंद्राच्या कार्यकक्षेत आले आहेत. माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्रित विचार करणारी 'एक आरोग्य' ही संकल्पना या सर्वांच्या मुळाशी आहे. कुत्र्यांपासून होणाऱ्या रेबीजचे २०३० पर्यंत उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट आरोग्य आणि पशुसंवर्धन हे दोन्ही विभाग एकत्र आल्याशिवाय साध्य होणार नाही.

राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या भूमिकेचा विचार करताना तिचे यश बहुधा अदृश्य असते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. न झालेल्या साथीची बातमी होत नाही. त्यामुळे अशा संस्थेवर होणारा खर्च शांततेच्या काळात अनाठायी वाटतो आणि संकटाच्या काळात तोच अपुरा असल्याचे कळते. मलेरियाबाबत देशाने पुन्हा एकदा मोठी मजल मारली आहे. २०१५ मध्ये सुमारे ११.७ लाख असलेली नोंदविलेली रुग्णसंख्या २०२३ मध्ये सुमारे २.२७ लाखांवर आली असून २०३० पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे. आकडे खाली येत असताना १९६५ ते १९७६ या काळाचे स्मरण ठेवणे म्हणूनच अगत्याचे आहे. दुर्गम पाड्यावर तापाच्या एकेका रुग्णाची नोंद करणारी आरोग्यसेविका जोपर्यंत आपल्या जागेवर आहे आणि तिने पाठविलेल्या नोंदीकडे जिल्ह्यात कोणी तरी त्याच दिवशी लक्ष देते आहे, तोपर्यंतच दिल्लीतील केंद्र आपले काम करू शकते.